खालच्या डाव्या कोपऱ्यातली खाच

माझ्या मशिनची यादी अजून माझ्याकडे आहे. दोनशे पानी वहीची पहिली चार पानं. प्रत्येक पानावर तीन रकाने: वस्तू, कुठून आणली, पावती आहे की नाही. मोठ्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या मोटारी, तीन, नांदेडच्या भंगार बाजारातून, पावती आहे. लोखंडी खाटेचे अँगल, वसमतहून, पावती आहे. झेरॉक्स मशिनमधल्या गुळगुळीत सळया, दोन, पावती नाही, दुकानदाराच्या सहीची चिठ्ठी आहे.

भंगारवाले पावती मागितल्यावर हसायचे. वसमतचा एक जण म्हणाला होता, "भंगाराची पावती? लगीन लावायचं हाय का खाटेसंग?"

मी हसलो नाही. मी तांड्यावरचा माणूस. सिद्धेश्वरच्या कालव्याजवळ आमचा तांडा. माझ्या लहानपणी आसपासच्या गावात पाण्याचं इंजिन, केबल, बैल, काहीही हरवलं की विचारपूस आधी आमच्याकडे व्हायची. माझ्या बापाला लिहिता येत नव्हतं, पण बैलजोडीपासून सायकलच्या ट्यूबपर्यंत सगळ्याची चिठ्ठी तो पत्र्याच्या पेटीत ठेवायचा. कोणी आलं की पेटी उघडून समोर ठेवायची, तोंडातून शब्द काढायचा नाही. ती सवय माझ्यात जशीच्या तशी उतरली. त्यात मी माझी भर घातली. महत्त्वाच्या कागदाची एक प्रत दुकानात आणि एक घरी. बायको म्हणायची, "तुमी पोरीच्या शाळेच्या दाखल्याच्या तीन झेरॉक्स काढता. पोरगी एकच हाय."

जवळा बाजारला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदनंतरच्या काळात ते बरं चाललं. पुढे टीव्ही स्वस्त झाले, बिघडला की लोक नवा आणू लागले. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला माझ्याकडे रिकामा वेळ भरपूर होता आणि नांदेडच्या सायबर कॅफेतून छापून आणलेली साठ-सत्तर पानं होती. परदेशातले लोक घरच्या घरी संगणकावर चालणारं कोरणयंत्र कसं बनवतात, ते त्यात होतं. लाकडाची फळी खाली बसवायची. वर फिरतं पातं. एक मोटार पात्याला डावी-उजवीकडे नेते, दुसरी पुढे-मागे, तिसरी वर-खाली. कुठं किती जायचं ते संगणक सांगतो. त्या लोकांचे सुटे भाग टपालाने येत होते. माझे भंगारातून आले.

दुकानामागे पत्र्याचं शेड होतं. अर्धं माझ्याकडे, अर्धं एका सुतारमिस्त्रीकडे. मिस्त्री माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. दरवाजे, देव्हारे आणि त्यांवरचं कोरीवकाम हे त्यांच्या घरातलं पिढीजात काम. माझं मशिन उभं राहताना ते रंदा चालवता चालवता बघायचे.

"काय इंजिनेर, हा उंट कधी उठायचा?"

"उठंल मिस्त्री, अजून एक मोटार बाकी हाय."

"बाजारात लोकं म्हणून राहिले, तुमी नोटा छापून राहिले म्हणून."

"तुमी काय सांगितलं?"

"म्या म्हणलं, अजून कोरी सुदिक न्हाई निघाली."

सात महिन्यांनी उंट उठला. प्लायवूडच्या तुकड्यावर त्याने एक गोल काढला. मिस्त्रींनी तो गोल अंगठ्याने चाचपला, पारखून बघितला आणि आपल्या बाजूला जाऊन पुन्हा रंदा धरला. ते मला खटकलं. वहीत लिहून ठेवलं नाही, पण लक्षात ठेवलं.

त्याच सुमाराला तांड्यावर नवं देऊळ बांधून होत आलं. तांड्याचे नाईक माझे चुलत काका लागत. एका पडलेल्या जुन्या घराच्या तुळया त्यांनी जपून ठेवल्या होत्या, शंभर वर्षांचं सागवान. त्या चिरून आठ फळ्या निघाल्या. देवळाच्या दरवाजासाठी बरोबर आठच. नववी नाही. काका म्हणाले, "तुझ्या मशिनवर कोरून दे. आपल्या पोराच्या हातचं पायजे." मी हो म्हणालो. मग लक्षात आलं की कोरायचं काय, ते माझ्याकडे नाही. ते मिस्त्रींकडे होतं.

मिस्त्रींच्या पेटीत जाड कागदाचे खाके होते. वेली, कमळं, मोर. त्यांच्या वडिलांनी आणि आजोबांनी काढलेले. रेघेवर बारीक भोकं पाडलेली. कागद लाकडावर ठेवून चुन्याची पुरचुंडी आपटली की लाकडावर ठिपके उमटतात, मग पटाशीने कोरायचं. मिस्त्रींना शेती नव्हती. हे खाके हीच त्यांची शेती. नांदेडच्या एका फर्निचरवाल्याने ते विकत मागितले होते, तेव्हा त्याला यांनी चहासुद्धा विचारला नव्हता.

मी मागितले तेव्हा त्यांनी दोन दिवस पेटी उघडलीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "देवाचं काम हाय म्हणून देऊन राहिलो. पर दोन गोष्टी. एवढा एकच दरवाजा. आन् नमुना या शेडाच्या भाईर जायचा न्हाई. कागदावर न्हाई, तुमच्या कांपुटरच्या डब्यात न्हाई, कशातच न्हाई."

"बराबर," मी म्हणालो. मनापासून म्हणालो.

महिनाभर मी आलेख कागदावर एकेक ठिपका उतरवून त्याचे आकडे संगणकात भरले. मिस्त्री शेजारी बसून खाक्यावर हात ठेवून असायचे. मी दुसऱ्या खाक्याकडे बघितलं तरी तो उलटा करून ठेवायचे. काम पुरं झाल्यावर मी त्याची सीडी काढली. दोन काढल्या. एक टेबलाच्या कप्प्यात, एक घरी कपाटात. खरं सांगायचं तर दुसरी काढताना मिस्त्रींची अट माझ्या डोक्यात आलीच नाही. हाताला सवय होती. आणि वहीत नोंदही केली: नमुने, सीडी २, एक घरी.

कोरायला सुरुवात झाली. दिवसातले दहा-बारा तास लोडशेडिंग. वीज असायची त्या वेळेत मशिन चालवायचं. मोटारी प्रिंटरच्या, म्हणजे कागद ओढायच्या ताकदीच्या. सागवानात एका वेळी केसभर खोल जायचं, तीच वेल सात-आठ वेळा गिरवायची. एका फळीला चार दिवस लागत. मध्येच वीज गेली तर मशिन आपली जागा विसरायचं. म्हणून फळीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात मी शून्याची खूण ठेवली होती. प्रत्येक वेळी पातं तिथे आणायचं आणि तिथून पुढे निघायचं. फळी पूर्ण झाली की मिस्त्री ती सोडवून घ्यायचे, गोणपाटाने भुसा झाडायचे, पॉलिशकागद मारायचे आणि भिंतीला लावून ठेवायचे.

दुसऱ्या फळीनंतर मला खाच दिसली. खालच्या डाव्या कोपऱ्यात, वेलीच्या बाहेर, तांदळाच्या दाण्याएवढी. पहिल्या फळीवर बघितलं. तिथेही होती, त्याच जागी.

शून्याचा कोपरा म्हणजे दोष मशिनचा, हे उघड होतं. वीज गेली की वरची मोटार सैल पडून पातं खाली टेकत असणार. मी संभाव्य कारणांची यादी केली, अकरा कारणं, आणि एकेक तपासलं. पात्याला स्प्रिंग लावली. मोटारीची तार बदलली. प्लायवूडवर दहा वेळा मुद्दाम वीज तोडून बघितली. एकदाही खाच पडली नाही. तिसरी सागवानी फळी कोरली. खाच पडली.

मिस्त्रींना विचारलं, "हे काय पडून राहिलं बघा कोपऱ्यात?"

त्यांनी बघितलं. मान दुसरीकडे वळवली. "असू द्या की. एवढ्यानं काय होतं?"

खडू हरवला तर अख्खं शेड डोक्यावर घेणारा माणूस. शंभर वर्षांच्या सागवानाला खाच पडते आणि हा म्हणतो असू द्या.

चौथ्या फळीला मी त्यांना न सांगता शून्याची जागा बदलली. खालचा डावा कोपरा सोडून वरचा उजवा केला. आता मशिनचा दोष असेल तर खाच वर उजवीकडे पडायला हवी. फळी झाली, मिस्त्रींनी झाडली, भिंतीला लावली. ते जेवायला गेल्यावर मी गेलो. वरचा उजवा कोपरा स्वच्छ. खाच खाली डावीकडे. मग टीव्हीच्या सर्किटवरचे सोल्डरचे डाग तपासायचं भिंग आणून खाच बघितली. माझं पातं गरगर फिरतं, त्याच्या खाचेच्या तळाशी गोल ओरखडे राहतात. या खाचेचा तळ आरशासारखा होता. पटाशी. एका फटक्यात मारलेली, सराईत हाताची.

त्या दिवसापासून मी मिस्त्रींकडे वेगळ्या नजरेने बघू लागलो. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. चार दिवसांत माझा उंट जे कोरतो, त्याला त्यांना पंधरा दिवस लागायचे. फळ्या खराब झाल्या, तांड्यात बोभाटा झाला की मशिनचं नाव जाईल आणि त्यांचं राहील. मी त्यांच्या पटाशा मोजल्या. कोणती कधी कुठे असते ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलं. मशिनच्या प्रत्येक बोल्टवर लाल रंगाची रेघ मारली, कोणी हलवला तर कळावं म्हणून. एकही हलला नाही. त्यावर मला वाटलं, किती हुशार माणूस आहे.

बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "विचारा की त्यांलाच."

"विचारलं. टाळतात."

"खाचंचं विचारलं. काहून केली, ते विचारलं का?"

मी म्हणालो, पुरावा पक्का झाल्याशिवाय नाही.

इकडे मिस्त्रीही बदलले होते. 'इंजिनेर' म्हणणं बंद झालं होतं. मी शेडमध्ये शिरलो की बोलत असलेल्या गिऱ्हाइकाला घेऊन बाहेर जायचे. खाक्यांच्या पेटीला नवं कुलूप लागलं. कुलूप बघून मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. आता आठवलं की माझीच लाज वाटते. ती म्हण मी तांड्याच्या संदर्भात किती जणांच्या तोंडून ऐकली होती.

सहा फळ्या झाल्या आणि नाईककाका बघायला आले. दुपारची वेळ, बाजाराचा दिवस. त्यांनी फळ्यांवरून हात फिरवला, खूश झाले. मला तोच मोका वाटला. साक्षीदार होता.

"काका, कोपऱ्यात बघा. सहाच्या सहा फळ्यांत खाच हाय. मशिनची न्हाई. पटाशीची हाय." आणि मी भिंग त्यांच्या हातात दिलं. "आता शेडात पटाशी कोणाकडं हाय, ते मी सांगायला नको."

मिस्त्री रंदा मारत होते. त्यांनी रंदा खाली ठेवला, गुडघ्यावरचा भुसा झाडला.

"म्याच मारली," ते म्हणाले. "सहाच्या सहा म्याच मारल्या. चला."

"कुठं?"

"चला म्हणलं ना."

आम्ही तिघं बाजारातून निघालो. रस्त्यात एका किराणा दुकानाचा जुना दरवाजा होता, मिस्त्रींच्या वडिलांनी केलेला. मिस्त्रींनी खाली बसून मिठाचं पोतं बाजूला सरकवलं. खालचा डावा कोपरा. खाच. पुढे एका वकिलाचं घर, मिस्त्रींनी स्वतः केलेला दरवाजा. खाच. मारुतीच्या देवळाजवळ एक तिसरा. खाच.

"लेकराला काजळाची तीट लावतेत का न्हाई तुमच्या तांड्यावर?" मिस्त्रींनी रस्त्यातच विचारलं. "लेकरू देखणं असलं की लावतेत. कामाला बी लावावी लागते. बिनखोटाचं काम उभं केलं तर नजर लागते, फळी तडकते. माझा बाप लावत होता, त्याचा बाप लावत होता. आन् ती सांगून लावत नसतेत. सांगितली तर तीट कसली?"

मी म्हणालो, "मला वाटलं..."

"तुमाला काय वाटलं ते समजलं मला. बोल्टावर रंग मारला तवाच समजलं. पटाश्या मोजून राहिले होते, ते बी पाहिलं."

नाईककाका मिशीतल्या मिशीत हसले. मला वाटलं प्रकरण संपलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण मिस्त्रींनी हात वर केला.

"थांबा. आता माझी बारी. शेडात चला. तुमची वही काढा."

शेडमध्ये येऊन मी वही काढली. त्यांनी पानं उलटून एका ओळीवर बोट ठेवलं. वही टेबलावर उघडीच पडलेली असायची. ती ओळ वाचून त्यांना आठ दिवस झाले होते. ते आठ दिवस मी त्यांच्या कुलपाचा अर्थ लावत बसलो होतो.

"वाचा," ते म्हणाले.

मी वाचलं. "नमुने, सीडी दोन, एक घरी."

"शेडाच्या भाईर जायचा न्हाई म्हणलं होतं का न्हाई?"

"व्हय."

"मंग घरी काहून गेला? कोणाला इकायचा होता?"

"कोणाला न्हाई. मिस्त्री, मी सगळ्याचीच एक प्रत घरी ठेवतो. पोरीच्या दाखल्याची बी ठेवतो. सवय हाय."

"माझ्या बापाचा नमुना म्हंजे तुमच्या पोरीचा दाखला हाय का?"

नाईककाका म्हणाले, "पावत्या ठेवणारा गडी तू. याची पावती दाखव की." चेष्टेत म्हणाले, पण मिस्त्री हसले नाहीत आणि मीही नाही. विकायचा नव्हता याची पावती कशी दाखवणार? बापाच्या पेटीतही तसला कागद नव्हता.

मिस्त्री हत्यारं आवरून घरी गेले. दोन फळ्या राहिल्या होत्या. देवळावर कळस चढायला अकरा दिवस. मशिन माझं होतं, आकडे संगणकात होते, हात लावायला मला कोणी अडवणार नव्हतं. पण त्यांच्या मागे त्या दोन फळ्या कोरल्या असत्या, तर त्यांना जे वाटत होतं ते खरंच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी घरची सीडी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. आलेख कागदही नेले. "घरची सीडी आन् कागद, एवढंच होतं," मी म्हणालो. पाट टाकला नाही, पाणी आलं. सीडी त्यांनी उलटीसुलटी करून बघितली, स्वतःचा चेहरा दिसला तशी कानस काढली आणि तिच्यावर आडवी-उभी घासली. आलेख कागद चुलीत गेले.

"आन् डब्यातलं?"

"दोन फळ्या झाल्या की पुसतो. तुमच्यासमोर."

"पुसता म्हंजे मला काय दिसंल? पडद्यावरचं एक नाव जाईल. पोटात राहिलं का गेलं, मला काय समजते?"

त्यांचं बरोबर होतं. पुसलेलंही परत काढता येतं, हे मला माहीत होतं, आणि ते माहीत असल्यामुळेच मला खोटं बोलवेना. म्हणालो, "मंग ते पोटच काढून देतो तुमाला."

ते आले. दोन्ही फळ्या होईपर्यंत आठ दिवस मशिनशेजारी स्टूल टाकून बसले. पात्यापेक्षा माझ्या हातांकडे जास्त बघत होते. आठवी फळी उतरली तेव्हा मी कप्प्यातली सीडी त्यांच्या हातात दिली. मग पेचकस घेऊन संगणक उघडला आणि आतली हार्ड डिस्क काढून तीही दिली. मशिन चालवायचा प्रोग्राम त्यातच होता, सात महिन्यांच्या सगळ्या सेटिंगही त्यातच होत्या. त्यांनी दोन्ही वस्तू फडक्यात गुंडाळून खाक्यांच्या पेटीत ठेवल्या आणि कुलूप लावलं.

दरवाजा वेळेत बसला. दोघांनी मिळून बसवला. बिजागऱ्यांशिवाय दुसरं काही बोललो नाही.

उंट पुन्हा चालता करायला मला पाच महिने लागले. नंतर मी त्यावर पाट्या, दुकानांची नावं, घरांचे नंबर कोरले. वेली नाहीत. त्या दरम्यान एकदा घरातल्या मांडणीचा कागद बदलताना खाली एक आलेख कागद निघाला. अर्धी वेल, माझ्याच हातची. बायकोने रद्दी समजून अंथरला होता. मी तसाच सायकल काढून मिस्त्रींकडे नेला. वाटलं होतं, हे बघून तरी माणूस निवळेल.

त्यांनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "एकच सापडला?"

"एकच होता."

"मागच्या बारीला बी तुमी तेच म्हणले होते."

रागावायला हवं होतं, पण रागावता आलं नाही. माझा बाप पेटी उघडून बसायचा, तेव्हा समोरचा माणूस सगळ्या चिठ्ठ्या बघून झाल्यावर विचारायचा, "अजून कुठं काही ठिवलंय?" त्या बसण्यातलं मला सगळं माहीत होतं. मिस्त्री मात्र तो समोरचा माणूस नव्हते. त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांचीच पेटी उघडली गेली होती.

ते दशक संपत आलं तशी नांदेडला मोठी तयार कोरणयंत्रं आली, सीएनसी म्हणतात ती. दरवाजे, देव्हारे, जाळ्या, सगळं मशिनचं. वसमतच्या नव्या बंगल्यांवरही वेली दिसू लागल्या. आणि मिस्त्रींचे फोन येऊ लागले. 'इंजिनेर' परत सुरू झालं होतं.

"इंजिनेर, कारखान्याच्या रस्त्याला एक दरवाजा पाहिलो. चला."

मी मोटरसायकल काढायचो. अनोळखी माणसाच्या फाटकाशी उभं राहून मिस्त्री वेलीची पानं मोजायचे. घरमालक विचारायचा, काय पाहिजे. मी सांगायचो, असाच दरवाजा करायचा आहे, बघून राहिलो. अशा चार-पाच फेऱ्या झाल्या. दरवाजे कोणा दुसऱ्याच्या नमुन्याचे निघाले.

शेवटची फेरी वसमतच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याकडची. त्या वेलीने मलाही क्षणभर धाकधूक झाली, इतकी सारखी होती. मिस्त्री बराच वेळ वाकून बघत राहिले. कळीपाशी बोट नेलं, देठाचा वळसा बोटानेच हवेत गिरवला, एकदा, दोनदा.

"न्हाई," ते म्हणाले. "आपला न्हाई. आपली कळी उजवीकडं मान टाकते."

मी गाडीला किक मारली. ते मागे बसले, चष्मा पुसून खिशात ठेवला. बसस्टँड मागे पडल्यावर माझ्या कानाशी म्हणाले, "पर कळी फिरवायला तुमच्या डब्यात किती येळ लागते?"

"दोन मिनिटं," मी खरं ते सांगितलं.

"मंग जरा थांबवा गाडी," ते म्हणाले. "परत एकदा पाहून येऊ."